विलायतेची वाट

मुंबई ते लंडन अंतर किती, या प्रश्नाला गेल्या अडीचशे वर्षांत तीन उत्तरं मिळाली. आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या शिडाच्या जहाजाला ते जवळपास 20,000 किलोमीटर पडायचं. सुएझ कालव्यातून जाणाऱ्या आगबोटीला साडेअकरा हजारांच्या आसपास. विमानाला सरळ रेषेत 7,200. दोन्ही शहरं जागच्या जागी आहेत, पृथ्वीही तेवढीच आहे, तरी अंतर घटत गेलं. वेळ तर सहा महिन्यांवरून दहा तासांवर आला.

ही गोष्ट बहुतेक वेळा इंजिनाची म्हणून सांगितली जाते: शीड गेलं, वाफ आली, पंखा आला, जेट आलं. त्यात खोटं काही नाही. पण कागदपत्रं, नकाशे आणि वेळापत्रकं शेजारी शेजारी मांडली की दुसरी गोष्ट दिसू लागते. प्रत्येक टप्प्यावर खरा प्रश्न होता तो वाटेत थांबायचं कुठे आणि वाट कोण देणार याचा. वेग नंतर आला.

पुण्याच्या गादीसाठी धडपडणाऱ्या राघोबादादांनी इंग्रजांच्या राजाकडे थेट दाद मागायचं ठरवलं आणि हणमंतराव नावाचा ब्राह्मण वकील लंडनला धाडला. सोबत मणियार हे पारशी गृहस्थ होते. 1781 मध्ये ही मंडळी लंडनमध्ये होती. त्यांचे तिथे हाल होत आहेत हे पाहून एडमंड बर्क यांनी त्यांना आपल्या बीकन्सफील्डच्या घरी नेलं आणि स्वतःच्या हाताने स्वयंपाक करून सोवळं सांभाळता येईल अशी जागा दिली. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो असं मानण्याच्या काळात हा माणूस निघाला, याचं मला फार अप्रूप वाटतं. पण राजकारण जहाजाची वाट पाहत थांबत नाही. 17 मे 1782 रोजी सालबाईचा तह झाला आणि राघोबांची पेशवाईची आशा कायमची मावळली. ज्या कामासाठी वकील एवढ्या लांब गेले, ते काम इकडे परस्पर निकालात निघालं.

तेव्हाच्या जहाजाला केप ऑफ गुड होपमार्गे पाच-सहा महिने सहज लागत. वारा अनुकूल मिळाला तर थोडे कमी, पावसाळ्याचं गणित चुकलं तर बरेच जास्त. एवढ्या प्रवासात गोडं पाणी आणि ताजी भाजी न मिळाली तर खलाशी दात गळून, हिरड्या सुजून मरत. म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने अटलांटिकच्या मधोमध असलेलं सेंट हेलेना बेट सतराव्या शतकापासून हाताशी ठेवलं होतं. परतीची जहाजं तिथे थांबत. केपचा थांबा डचांचा होता. तो इंग्रजांनी 1795 मध्ये घेतला, मध्ये परत केला आणि 1806 मध्ये पुन्हा घेतला. वाऱ्यासाठी कुणाची परवानगी लागत नव्हती, पाण्यासाठी लागत होती.

वाफेचं इंजिन आल्यावर वाऱ्याची गुलामी संपेल असं वाटलं. त्याऐवजी कोळशाची गुलामी सुरू झाली, आणि तिचा पहिला धडा मुंबईनेच गिरवला.

ह्यू लिंडसे ही आगबोट मुंबईच्या गोदीत, वाडियांच्या देखरेखीखाली बांधली गेली. 20 मार्च 1830 रोजी कमांडर जॉन विल्सन तिला घेऊन सुएझकडे निघाला. तांबड्या समुद्रातून वाफेवर टपाल नेता येतं की नाही, याची ही परीक्षा होती. बोटीत जेमतेम साडेपाच दिवसांचा कोळसा मावेल एवढीच सोय होती आणि एडन त्याहून बरंच लांब होतं. मग कोळसा मिळेल तिथे भरला. खोल्यांत, दिवाणखान्यात, डेकवर, जिथे प्रवाशांनी बसावं तिथे कोळशाच्या राशी. बोट पाण्यात इतकी दबली की तिचा वेगच मंदावला. अकरा दिवसांनी ती एडनला लागली तेव्हा तळाशी काही तासांपुरताच कोळसा उरला होता. पुढे ठिकठिकाणी आधीच पाठवून ठेवलेला कोळसा भरत भरत 22 एप्रिलला ती सुएझला पोचली. एकूण 33 दिवस. त्यातले चालण्याचे दिवस एकवीस-बावीस, बाकीचे कोळसा चढवण्यात गेले.

या प्रवासाने दोन गोष्टी ठरवल्या. तांबड्या समुद्राची वाट चालते, ही एक. त्या वाटेवर हक्काची कोळशाची वखार हवी, ही दुसरी. दुसरीचा निकाल 19 जानेवारी 1839 रोजी लागला. कॅप्टन हेन्सच्या मोहिमेने तोफा डागून एडन घेतलं. फौज मुंबईची, आणि पुढे 1932 पर्यंत एडनचा कारभारही मुंबई इलाख्याकडेच. महाराष्ट्राला एडन आठवतं ते वासुदेव बळवंत फडक्यांमुळे. त्यांना तिथल्या तुरुंगात ठेवलं आणि 17 फेब्रुवारी 1883 रोजी तिथेच त्यांचा अंत झाला. बोटींना कोळसा मिळावा म्हणून घेतलेलं गाव मुंबई सरकारच्या हद्दीत होतं, म्हणून तर रायगड जिल्ह्यातल्या शिरढोणचा हा माणूस अरबस्तानच्या टोकाला नेऊन टाकता आला. वाटेवरचा थांबा ज्याच्या हातात, त्याच्या हातात नुसती वाट राहत नाही.

सुएझपुढे वाळवंट होतं. टॉमस वॅगहॉर्न नावाच्या हट्टी दर्यावर्दीने तिथून टपाल नेण्याचा ध्यास घेतला होता. सुएझ ते कैरो घोडागाड्या, कैरोहून नाईलमधून होडी, पुढे कालव्याने अलेक्झांड्रिया, तिथून भूमध्य समुद्रातली बोट. वाळवंटात ठराविक अंतरावर घोडे बदलण्याची ठाणी उभी राहिली. सामान उंटांवर, आणि सुएझला उभ्या आगबोटींसाठीचा कोळसाही उंटांवर. आधुनिक यंत्राचं पोट भरायला उंटांचे तांडे लागत होते. तरीही सहा महिन्यांचा प्रवास दीड महिन्यावर आला, आणि 1845 मध्ये वॅगहॉर्नने मुंबईचं टपाल महिन्याभरात लंडनला पोचवून दाखवलं.

साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना 1839 मध्ये पदच्युत केल्यावर त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले, ते याच काळात. सुमारे 14 वर्षं ते तिथे झगडत राहिले. कंपनीच्या भागधारकांपुढे भाषणं, पार्लमेंटच्या सभासदांच्या भेटी, पत्रकं, अर्ज. धनी काशीत नजरकैदेत, वकील लंडनमध्ये. एक प्रश्न विचारून त्याचं उत्तर हाती यायला, सगळं सुरळीत झालं तरी, तीन-चार महिने जाणार. 14 ऑक्टोबर 1847 रोजी प्रतापसिंह काशीत वारले. वेळ कमी झाला होता खरा, पण तो कोणासाठी? टपालाची बोट, वाळवंटातली ठाणी, एडनची वखार हे सगळं ज्यांचं, त्यांच्या विरोधातली कैफियत रंगो बापूजी त्याच टपालाने पाठवत होते. मला हा सगळ्या इतिहासातला सर्वांत दुखरा भाग वाटतो.

17 नोव्हेंबर 1869 रोजी सुएझ कालवा उघडला. मुंबई-लंडन सागरी अंतर एका दिवसात आठ हजार किलोमीटरने घटलं. पण ते फक्त आगबोटींसाठी. अरुंद कालव्यात आणि तांबड्या समुद्राच्या लहरी वाऱ्यात शिडाच्या जहाजाचा निभाव लागत नाही, त्यामुळे शिडाच्या व्यापाराची ती अखेरची घसरण ठरली. कालवा फ्रेंचांनी खणला होता. इंग्रजांना हे सहन होणारं नव्हतं. 1875 मध्ये त्यांनी इजिप्तचा शासक असलेल्या खेदिवाचे कालवा कंपनीतले भाग विकत घेतले, 1882 मध्ये फौजच उतरवली.

ज्यूल व्हर्नची ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणेची कादंबरी 1873 मध्ये पुस्तकरूपाने आली. तिच्यातल्या फिलिआस फॉगचं वेळापत्रक पाहण्यासारखं आहे. लंडन ते सुएझ, आल्प्सखालचा बोगदा आणि इटलीतलं ब्रिंडिसी बंदर धरून, 7 दिवस. सुएझ ते मुंबई आगबोटीने 13 दिवस. एकूण वीस. ही कल्पनेची भरारी नव्हती. घाईचं टपाल खरोखर याच वाटेने रेल्वेने ब्रिंडिसीपर्यंत येई आणि तिथे बोटीवर चढे. 1870 मध्ये मुंबई-कलकत्ता रेल्वेही जोडली गेली आणि कलकत्त्याचं टपालही मुंबईला उतरू लागलं.

1870 हे वर्ष आणखी एका कारणाने मोठं आहे. त्या वर्षी ग्रेट ईस्टर्न या अजस्र जहाजाने मुंबई ते एडन समुद्राच्या तळाशी तार टाकली आणि सुएझमार्गे मुंबई थेट लंडनशी जोडली गेली. पूर्वी माणूस आणि बातमी एकाच बोटीने जात. तारेमुळे बातमी पुढे निघून गेली. कापसाचा भाव काही तासांत कळू लागला. माणसाला मात्र अजून तीन आठवडे लागत. ही फारकत पुन्हा कधी मिटली नाही.

तीन आठवडे म्हणजे नेमके किती, हे एका प्रवासावरून दिसतं. अटकेतल्या विनायक दामोदर सावरकरांना घेऊन मोरिया ही बोट 1 जुलै 1910 रोजी इंग्लंडहून सुटली. मार्सेलिसला थांबली. 8 जुलैच्या सकाळी त्यांनी सुटकेसाठी समुद्रात उडी घेतली, पण किनाऱ्यावर ते पुन्हा पकडले गेले. एडनला त्यांना दुसऱ्या बोटीवर चढवलं आणि 22 जुलैला ते मुंबईत उतरले. मार्सेलिसचा धक्का फ्रान्सचा होता, म्हणून प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेलं. निकाल विरोधात लागला ते वेगळं. बोट न थांबता सरळ जाऊ शकली असती तर उडीही नसती आणि खटलाही नसता.

पहिल्या महायुद्धानंतरची वर्षं बॅलार्ड पिअरची. टपालाची बोट धक्क्याला लागायची आणि शेजारच्या मोल स्टेशनातून गाड्या उत्तरेकडे सुटायच्या. 1928 मध्ये सुरू झालेली फ्रंटियर मेल या विलायती टपालासाठीच पेशावरकडे धावू लागली. मुंबई हे देशाचं प्रवेशद्वार आहे ही आपली समजूत त्या काळात पक्की झाली. आणि नेमकी तेव्हाच हवेतली वाट मुंबईला वगळून निघाली होती.

डिसेंबर 1918 मध्ये हँडली पेज कंपनीचं चार इंजिनांचं लष्करी विमान इंग्लंडहून भारताकडे निघालं, ते महिन्याभराने, जानेवारी 1919 मध्ये कराचीला पोचलं. वाटेत वाळूत उतरणं, दुरुस्त्या, बंद पडलेली इंजिनं. वेगात ते तेव्हाच्या टपालाच्या बोटीपेक्षा सरस नव्हतं. नियमित सेवा सुरू झाली ती 30 मार्च 1929 रोजी, इंपीरियल एअरवेजची, लंडन ते कराची. सात दिवस आणि 130 पौंड. लंडनजवळच्या क्रॉयडनहून विमानाने स्वित्झर्लंडमधलं बाझल. तिथून जिनोआपर्यंत चक्क आगगाडी, कारण त्या पट्ट्यातून उडण्याची परवानगी जमली नव्हती. जिनोआहून पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने अलेक्झांड्रिया. कैरोहून पुन्हा जमिनीवरचं विमान: बगदाद, बसरा, मग इराणच्या किनाऱ्यावरची बुशहर आणि जास्क, पुढे ग्वादर, कराची.

समुद्राचा बराच भाग कुणाच्या मालकीचा नसतो. आकाशाचं तसं नाही. 1919 च्या पॅरिस करारानेच ठरवलं की आपल्या भूमीवरच्या हवेचा मालक तो देश. 1944 च्या शिकागो करारात तेच कायम झालं. इराणने ही मालकी लगेच वापरली. आधी बराच काळ वाट दिलीच नाही, मग ठराविक मुदतीसाठी दिली आणि मुदत संपल्यावर पुन्हा दिली नाही. म्हणून 1932 मध्ये इंपीरियल एअरवेजने इराणमधले सगळे थांबे उचलून आखाताच्या अरबी बाजूला नेले. शारजाच्या वाळूत प्रवाशांना रात्र काढता यावी म्हणून किल्ल्यासारखं विश्रामगृह बांधलं. आज सोन्याच्या दुकानांसाठी आणि क्रिकेटसाठी माहीत असलेलं शारजा हवाई नकाशावर आलं ते इराणने वाट नाकारल्यामुळे.

कराचीला उतरलेलं टपाल मुंबईला आणायचं कोणी? 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा पस मॉथ हे छोटं विमान घेऊन कराचीहून निघाले, अहमदाबादला थांबले आणि जुहूला उतरले. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल मद्रासपर्यंत नेलं. जुहूचं मैदान म्हणजे समुद्रालगतची सपाट जमीन. पावसाळ्यात तिथे चिखल व्हायचा आणि विमानसेवेला आपलं बस्तान पुण्याला हलवावं लागायचं. त्याआधी आगा खान यांनी भारत-इंग्लंड एकट्याने उडणाऱ्या पहिल्या भारतीयाला बक्षीस लावलं होतं. 1930 मध्ये जेआरडी कराचीहून निघाले, अस्पी इंजिनिअर हा तरुण इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबूकीरला दोघांची गाठ पडली. अस्पीचं विमान स्पार्क प्लगसाठी अडकलं होतं. जेआरडींनी आपल्याकडचे प्लग त्याला दिले. अस्पीने बाजी मारली, जेआरडी काही तासांनी मागे पडले. हेच अस्पी पुढे स्वतंत्र भारताच्या हवाई दलाचे प्रमुख झाले.

स्वातंत्र्यानंतर दहा महिन्यांत, 8 जून 1948 च्या रात्री, एअर इंडिया इंटरनॅशनलचं मलबार प्रिन्सेस हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान सांताक्रूझहून 35 प्रवाशांसह लंडनला निघालं. थांबे दोनच, कैरो आणि जिनिव्हा. सुमारे एका दिवसाचा प्रवास. ज्या वाटेवरचा प्रत्येक धक्का, वखार आणि धावपट्टी दीडशे वर्षं दुसऱ्यांच्या हातात होती, त्या वाटेवर आता आपलं विमान, आपला कॅप्टन आणि आपलं वेळापत्रक होतं. माझ्या मते मुंबई-लंडनच्या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत मोठी उडी. पण या वाटेने किंमतही घेतली. तेच मलबार प्रिन्सेस 3 नोव्हेंबर 1950 रोजी जिनिव्हाला उतरण्याआधी माँ ब्लाँवर आदळलं, 48 जण गेले. 24 जानेवारी 1966 रोजी कांचनजंगा हे बोइंग 707 त्याच डोंगरावर, तसंच जिनिव्हाकडे उतरताना कोसळलं. त्यातल्या 117 जणांत डॉ. होमी भाभा होते. दोन्ही विमानं तिथे होती, कारण जिनिव्हा हा थांबा होता.

1960 मध्ये बोइंग 707 आलं. कॉन्स्टेलेशन ताशी 500 किलोमीटरच्या आसपास उडायचं, 707 जवळपास 900 ने. प्रवास अर्ध्या दिवसाच्या आसपास आला. 1971 मध्ये सम्राट अशोक हे पहिलं जंबो आलं, पुढे थांबे एकेक करून गळाले आणि मुंबईहून सरळ लंडन शक्य झालं.

आणि तिथे घड्याळ थांबलं. आजचं ड्रीमलायनरही ताशी 900 च्याच घरात उडतं. आवाजाच्या वेगाजवळ गेलं की हवेचा विरोध एकदम वाढतो, इंधन भरमसाट लागतं, आणि वेगापेक्षा तिकिटाची किंमत कमी ठेवणं कंपन्यांना परवडतं. मुंबईहून लंडनला साधारण साडेनऊ-दहा तास, येताना त्याहून थोडे कमी, कारण दहा-बारा किलोमीटर उंचीवरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. 1830 ते 1960 या 130 वर्षांत महिन्यांचे तास झाले. त्यानंतरच्या पासष्ट वर्षांत जे वाचले ते मुख्यतः थांब्यांवरचे तास.

आता तर अंतर वाढू लागलं आहे. मुंबई-लंडन सरळ रेषा पृथ्वीच्या गोलावर आखून पाहा. ती काठियावाडजवळून बलुचिस्तानात शिरते, इराण ओलांडते, कॉकेशसवरून काळ्या समुद्रावर येते, युक्रेन आणि पोलंडवरून जर्मनीत उतरते. यातला युक्रेन 24 फेब्रुवारी 2022 पासून प्रवासी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने 2019 मध्ये बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर जुलैपर्यंत आपलं आकाश बहुतांश बंद ठेवलं होतं; 24 एप्रिल 2025 रोजी भारतीय विमान कंपन्यांना ते पुन्हा बंद केलं. दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्यांना याचा फटका जास्त, मुंबईला कमी, कारण मुंबईहून अरबी समुद्र ओलांडून ओमान गाठता येतं. ह्यू लिंडसेही अरबी समुद्र ओलांडूनच अरबस्तानच्या किनाऱ्याला गेली होती. बोटींचं म्हणाल तर 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हुथींचे हल्ले सुरू झाल्यावर अनेक मालवाहू जहाजं पुन्हा आफ्रिकेला वळसा घालू लागली.

13 जून 2025 च्या पहाटे एअर इंडियाचं मुंबई-लंडन विमान नेहमीप्रमाणे सुटलं. इराणवर हल्ले झाले, त्या भागातलं आकाश बंद झालं, आणि सुमारे तीन तास हवेत राहून ते मुंबईलाच परत उतरलं. इंजिनात काही बिघाड नव्हता. म्हणून विलायतेला निघालेल्या कुणालाही माझं सांगणं एवढंच: तिकिटावर तास किती लिहिलेत ते पाहून झालं की समोरच्या पडद्यावरचा नकाशा उघडा, आणि विमान सरळ रेषा सोडून कुठे वळतं, कोणत्या देशाच्या कडेने जातं, ते नीट बघा.